बादलीभर ऊन पाण्याचा हिशेब



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी अक्षरे गिरवली, त्याच शाळेच्या सभागृहात उभे राहून आपल्या विज्ञानाच्या सरांच्या स्मृतीला वाहिलेल्या या व्याख्यानमालेत बोलण्याचा मान मला मिळाला, याबद्दल मी संयोजकांचा अंतःकरणपूर्वक आभारी आहे. निमंत्रण घेऊन आलेल्या मंडळींनी विषय विचारला, तेव्हा मी ‘घरातले ऊन पाणी आणि त्याचा खर्च’ असे सांगितले. मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. मराठीच्या प्राध्यापकाने संतकाव्यावर बोलावे, फार तर सीमाभागातल्या बोलीवर बोलावे. गिझरवर त्याने काय बोलावे, असा त्यांच्या चेहऱ्यावरचा प्रश्न होता. एका तरुण माजी विद्यार्थ्याने तर ‘सर, रूपकात्मक विषय आहे का?’ असेही विचारून घेतले. नाही, विषय रूपकात्मक नाही. खरोखरीच्या बादलीतल्या खरोखरीच्या पाण्याविषयी मी आज बोलणार आहे.

हा विषय निवडण्याची कारणे दोन. एक म्हणजे सरांचे ऋण. दुसरे कारण माझ्या घरात, माझ्या चुकीमुळे घडलेला एक प्रसंग. त्याकडे मी यथावकाश येईन.

माझा पीएच. डी.चा प्रबंध स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्यांवर होता. त्या निमित्ताने घरगुती शब्दांचा संग्रह करण्याची सवय मला जडली. मराठी माणसाने पाणी तापवण्याभोवती केवढा शब्दसंसार उभा केला आहे पाहा. स्वयंपाकाला ठेवलेले ते आधण. न्हाण्याचे ते ऊन पाणी. हात पोळेल ते कढत, जेमतेम ऊब असलेले ते कोमट. पाणी तापवायला बंब, हंडा, चुलवण. काढून घ्यायला घंगाळ. अंगावर घ्यायला तांब्या. बसायला पाट किंवा न्हाणीतला दगड. आणि कढत पाणी सोसवेल असे करण्यासाठी त्यात जे गार पाणी घालायचे, त्याला स्वतंत्र शब्द : विसण. ‘विसण घाल गं’ हे शब्द ज्यांनी न्हाणीघरातून ऐकले आहेत, अशी माणसे या सभागृहात अजून बरीच असतील. तरुणांना तो शब्द नवा वाटेल. पण ते रोज नळाची तोटी फिरवून करतात ते विसण घालणेच होय.

माझ्या बालपणी आमच्या घरी तांब्याचा बंब होता. बाहेरून तो नुसता पितळी तोटीचा उभा डबा दिसे. पण त्याची रचना शहाणपणाची होती. मध्ये उभी नळी, तिच्यात विस्तव, खाली राख पडायला जाळी, आणि नळीच्या भोवती चहूबाजूंनी पाणी. विस्तव पाण्याच्या पोटात ठेवलेला, त्यामुळे जाळाची धग इकडेतिकडे जायला वाव कमी. पहाटे आई सर्वांच्या आधी उठे आणि शेणी, करवंट्या, ढलप्या घालून बंब पेटवी. आधी वडील, मग आजोबा, मग आम्ही शाळेत जाणारी मुले. आई सर्वांत शेवटी. तिच्या वाट्याला येई तोवर विस्तव निवालेला आणि पाणी कोमट झालेले असे. ‘मला चालतं’ एवढेच ती म्हणे. घरातले शेवटचे स्नान कोणाचे आणि त्याला किती ऊन पाणी उरते, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. आज तो मला फार महत्त्वाचा वाटतो.

नववीत असताना सरांनी आम्हांला उष्णता शिकवली. खडूने फळ्यावर व्याख्या लिहून ते थांबले नाहीत. चंचुपात्रात पाणी घेतले, तळाशी पोटॅशियम परमँगनेटचे दोन खडे सोडले आणि खालून स्पिरिटचा दिवा धरला. जांभळी रेघ सरळ वर चढली, पृष्ठभागावर पसरली आणि कडेने खाली उतरली. ‘तापलेले पाणी हलके होते आणि वर जाते, हे डोळ्यांनी पाहिलेत, आता विसरू नका,’ असे सर म्हणाले. मग त्यांनी शाळेचा तापमापक मला घरी नेऊ दिला आणि आमच्या बंबाचा हिशेब मांडून आणायला सांगितले. आईला वाटले, पोराला वेड लागले. पण मी किलोभर वाळलेले लाकूड तोलून घेतले, तीस लिटर पाणी मोजून भरले आणि आकडे टिपले. वीस अंशांचे पाणी साठ अंशांवर गेले. सरांनी वहीत गुणाकार करून दाखवला. तीस लिटर गुणिले चाळीस अंश, म्हणजे १२०० किलोकॅलरी. एक किलो लाकडात साधारण ३५०० किलोकॅलरी असतात. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून किंचित जास्त उष्णता पाण्यात उतरली होती. उघड्या चुलीवरच्या हंड्याचा तोच प्रयोग केला, तेव्हा जेमतेम सातवा हिस्सा उतरला.

दुसऱ्या दिवशी तापमापक परत नेताना तो माझ्या हातून शाळेच्या पायरीवर पडला आणि फुटला. पाऱ्याचे मणी फरशीवर धावले. दंड होणार या भीतीने मी रडवेला झालो. सरांनी पाऱ्याला हात लावू दिला नाही, स्वतः कागदावर गोळा केला आणि एवढेच म्हणाले, ‘काच फुटली, हरकत नाही. मोजायची सवय मोडू नकोस.’ पुढे मी साहित्याकडे वळलो आणि ती सवय नेमकी मोडली. तिची किंमत मला पन्नास वर्षांनी मोजावी लागली.

आता तो प्रसंग सांगतो. २०११ सालच्या डिसेंबरात आमचा जुना विजेचा गिझर गळू लागला. विजेचे बिल जास्त येते ही तक्रार होतीच. एका दुकानदाराने गॅसचा गिझर सुचवला. खर्च कमी, पाणी ताबडतोब. न्हाणीघरातच भिंतीवर बसवला. ‘काही होत नाही, सगळेच बसवतात,’ असे बसवणारा म्हणाला आणि मी मान डोलावली. आपल्या बेळगावची थंडी आपणांस ठाऊक आहे. वाऱ्याची झुळूक नको म्हणून झरोक्याला मी स्वतः पुठ्ठा लावला.

चौथ्या दिवशी सकाळी माझी पत्नी स्नानाला गेली. पाण्याचा आवाज चालू होता. दहा मिनिटे झाली, पंधरा झाली. सूनबाईने हाक मारली, उत्तर नाही. आम्ही कडी तोडली. ती भिंतीला टेकून बेशुद्ध पडली होती. तिला उघड्या अंगणात आणले, रुग्णालयात नेले, प्राणवायू दिला. ती वाचली. डॉक्टरांनी सांगितले की आणखी काही मिनिटे गेली असती, तर मला वेगळे बोलावे लागले असते.

घडले होते ते असे. गॅस जळायला प्राणवायू लागतो. बंद खोलीत तो अपुरा पडला की ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वास घातलेला असतो. पण जळून तयार झालेल्या या विषाला कसलाच वास येत नाही. रक्तातले हिमोग्लोबिन या वायूला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवते. डोके जड होते, मळमळते, पाय लटके पडतात. आणि माणसाला वाटते, गरम पाण्याने जरा सुस्ती आली. कडी काढण्याइतकेही बळ उरत नाही.

त्या रात्री मी गिझरचे खोके माळ्यावरून काढले. आत चार पानांचे पत्रक होते. बंद न्हाणीघरात बसवू नये, हवा खेळती असावी, जळालेला वायू बाहेर जाण्याची सोय करावी, हे सारे त्यात छापलेले होते. आयुष्यभर विद्यार्थ्यांना ‘मूळ संहिता वाचा’ असे बजावणाऱ्या मी ती चार पाने वाचली नव्हती. दुकानदाराला दोष देऊन मोकळे होणे सोपे होते. पण झरोका मी बुजवला होता. बिलातले थोडे रुपये वाचवण्याच्या नादात मी काय गमावून बसलो असतो, या विचाराने आजही माझी झोप मोडते. म्हणून आज येथे अन्य काही लक्षात राहिले नाही तरी चालेल, पण एवढे लक्षात ठेवा. गॅसचा गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा आणि फक्त पाण्याचा नळ आत आणावा. ज्यांच्या घरी तो आत आहे, त्यांनी तो उद्या सकाळच्या स्नानाआधी बंद करावा.

पत्नी घरी आल्यावर मी एक वही घातली. सरांची आठवण झाली. ठरवले की यापुढे कोणाच्या सांगण्यावर नाही, मोजून ठरवायचे. त्या वहीतले सार आता आपल्यापुढे ठेवतो.

पहिला प्रश्न : एका बादलीला मुळात लागते किती? एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते. विजेचे एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. थंडीच्या दिवसांत आमच्या टाकीतले पाणी वीस अंशांच्या आसपास असते आणि अंगाला सुखावणारे पाणी बेचाळीस अंशांचे. वीस लिटरांची बादली बावीस अंशांनी तापवायची, म्हणजे ४४० किलोकॅलरी. म्हणजे युनिटाचा अर्धा भाग, किंचित अधिक. हा आकडा निसर्गाचा आहे. कोणतीही कंपनी, कोणतीही जाहिरात तो कमी करू शकत नाही. चार माणसांच्या घरी रोज दोन युनिटे, महिन्याला साठ. याहून जे अधिक जाते, ती आपली उधळपट्टी.

ती उधळपट्टी कोठे होते? आमचा पंचवीस लिटरांचा जुना गिझर पूर्वी सकाळी सुरू केला की रात्रीच बंद होत असे. ‘सारखा चालू-बंद केल्याने जास्त वीज लागते’ अशी आमची समजूत होती. ती आपल्यापैकी अनेकांची असेल. त्याच जातीचा, तेवढाच जुना एक गिझर शेजाऱ्यांकडे होता. एका रविवारी सारे कुटुंब गावाला गेले असता तो भरून चालू ठेवला, घरातले बाकी सारे बंद केले आणि चोवीस तासांनी मीटर पाहिला. एक तांब्याभरही पाणी न वापरता जवळजवळ दीड युनिट गेले होते. टाकीच्या भिंतीतून ऊब बाहेर झिरपत राहते आणि गिझर ती पुन्हा पुन्हा भरून काढतो. महिन्याचा हिशेब केला, तर चाळीसहून जास्त युनिटे नुसती हवा तापवण्यात जात होती. दोनतृतीयांश स्नानांचा खर्च स्नानाशिवाय! तेव्हा समजूत खोटी ठरली. स्नानाआधी वीस मिनिटे सुरू करावा, पाणी तापले की बंद करावा.

येथे गिझरवरच्या तारांकित पट्टीचा अर्थ सांगायला हवा. २००१ सालच्या ऊर्जा संवर्धन कायद्यानुसार २००२ मध्ये केंद्र सरकारने ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो स्थापन केला. एक ते पाच तारे देण्याची पद्धत त्याचीच. आपल्याला वाटते, पाच तारे म्हणजे पाणी तापवायला कमी वीज. तसे नाही. विजेची कुंडली कोणत्याही गिझरात जवळजवळ सारी वीज उष्णतेतच बदलते. साठवणीच्या गिझरचे तारे हे उभ्या उभ्या झिरपणाऱ्या उबेचे माप आहे. पाच तारे म्हणजे चांगली अस्तराची टाकी, कमी गळती. त्यामुळे ज्याच्या घरी दिवसभर थोडे थोडे पाणी लागते, त्याला तारे फार उपयोगी; जो सकाळी वीस मिनिटे लावून बंद करतो, त्याला थोडे कमी. पट्टीवरचे सालही पाहावे. कारण मोजण्याचे निकष मधूनमधून कडक होतात आणि जुन्या सालचे पाच तारे नव्या सालचे पाच नसतात.

दुसरा एक गैरसमज वॅटचा. तीन हजार वॅटचा गिझर दोन हजारवाल्यापेक्षा जास्त वीज खातो, असे म्हणतात. तो वेगाने खातो, जास्त खात नाही. मोठ्या तोंडाच्या नळाने हंडा लवकर भरतो. हंड्यात मावणारे पाणी तेवढेच. मात्र वेगाचा भार तारांवर पडतो. तीन हजार वॅट म्हणजे सुमारे तेरा अँपिअर. जुन्या घरातली बारीक तार तो सोसत नाही. सोळा अँपिअरचे स्वतंत्र बटण, खरी अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा तीस मिलिअँपिअरचा स्विच, या तीन गोष्टी गिझरच्या किमतीतच धराव्यात. बादलीत सोडायच्या कांडीविषयी एकच सांगतो : बटण बंद करून प्लग काढल्यावाचून पाण्याला बोट लावू नये.

विसणाविषयी माझा स्वतःचा एक भ्रम होता. आधी पाणी कढत करायचे आणि मग गार पाणी ओतून त्याची ऊब मारायची, हा शुद्ध अपव्यय, असे मी समजत होतो. मोजले तेव्हा चूक कळली. विसणाने ऊब मरत नाही, वाटली जाते. साठ अंशांचे अकरा लिटर आणि वीस अंशांचे नऊ लिटर मिळून बेचाळीस अंशांची बादली होते. आणि खर्च तेवढाच, अर्ध्या युनिटाचा. अपव्यय होतो तो दोन ठिकाणी. टाकी जितकी कढत, तितकी ऊब जास्त झिरपते. आणि स्नान झाल्यावर टाकीत उरलेले कढत पाणी दुपारपर्यंत निवून जाते. म्हणून गिझर पन्नास ते साठ अंशांच्या दरम्यान ठेवावा. साठ अंशांच्या पाण्याने म्हाताऱ्या माणसाची किंवा लहान मुलाची कातडी काही सेकंदांतच भाजते, हेही विसरू नये. मात्र काटकसरीच्या भरात टाकी चाळीस अंशांवर दिवसेंदिवस ठेवणेही चांगले नाही. तशा कोमट, साचलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे फुप्फुसाला बाधणारे जंतू वाढू शकतात.

आता साधनांची निवड. गॅसचे गणित आपण घरी करू शकता. त्याच बादलीला चांगल्या गॅस-गिझरवर साधारण पन्नास ग्रॅम गॅस लागतो. १४.२ किलोच्या सिलिंडरात अशा सुमारे २८० बादल्या होतात. सिलिंडरच्या पावतीवरच्या रकमेला २८० ने भागा, आणि विजेच्या बिलातल्या युनिटच्या दराचे अर्धे करून त्याशेजारी मांडा. जे स्वस्त असेल ते दिसेल. पण त्या बेरजेत मोकळ्या हवेची अट मांडायला विसरू नका. ती अट पाळता येत नसेल, तर गॅस फुकट मिळाला तरी महाग आहे.

हीट पंप नावाचे नवे यंत्र आता घरांसाठीही मिळते. ते शीतकपाटाच्या उलट काम करते. बाहेरच्या हवेतली ऊब खेचून पाण्यात भरते. एक युनिट वीज खर्चून आपल्याकडच्या हवेत ते तीन युनिटांच्या आसपास उष्णता देते. म्हणजे बादलीचा खर्च एकतृतीयांश. पण किंमत साध्या गिझरच्या कितीतरी पट, आणि त्याला मोकळी हवा व जागा लागते. वसतिगृह, रुग्णालय, पंधरावीस माणसांचे एकत्र कुटुंब यांना ते परवडते. दोघा म्हाताऱ्यांना त्याचा मुद्दल वसूल होईपर्यंत वाट पाहता यायची नाही.

उरला सूर्य. २०१३ साली मी गच्चीवर सौर बंब बसवला. काळ्या पत्र्याखालच्या तांब्याच्या नळ्या, वर काच, आणि त्याहून उंचावर अस्तर लावलेली टाकी. तापलेले पाणी पंपावाचून आपोआप वर चढते. गच्चीवर उभा राहून मी पहिल्यांदा त्या नळीला हात लावला, तेव्हा डोळ्यांपुढे सरांच्या चंचुपात्रातली जांभळी रेघ आली. दुसरा प्रकार काचेच्या दुहेरी नळ्यांचा. त्यांतली पोकळी निर्वात असते, थर्मासप्रमाणे, म्हणून गार वाऱ्यात तो कमी ऊब गमावतो. किंमतही बहुधा कमी. मात्र काच जपावी लागते. पाणी जड असेल, तर तांब्याच्या नळ्यांत क्षार धरतो. त्याची चौकशी आधी करावी. तोंड दक्षिणेला हवे. आपले बेळगाव सोळा अंश अक्षांशाजवळ आहे. हिवाळ्यात जास्त ऊब हवी म्हणून उतार त्याहून दहा-पंधरा अंश अधिक द्यावा.

येथे मी दोन चुका केल्या. घरात माणसे चार. बादलीने स्नान करणाऱ्यांना शंभर लिटर पुष्कळ. पण येणारेजाणारे, प्रतिष्ठा, आणि ‘सूर्य तर फुकट’ या विचाराने मी दोनशे लिटरांची टाकी घेतली. आणि पावसाळ्यासाठी त्याच टाकीत विजेची कुंडली बसवून घेतली. आपल्याकडचा आषाढ-श्रावण म्हणजे काय, हे मी आपणांस सांगायला नको. आठवडा आठवडा सूर्य दिसत नाही. त्या पहिल्या जुलैत कुंडली रोज लावली आणि बिल पाहून थक्क झालो. चार बादल्यांसाठी आम्ही दोनशे लिटर पाणी तापवत होतो. दोनशे लिटर तीस अंशांनी तापवायचे, म्हणजे सात युनिटे! फुकटच्या सूर्याने मला विजेच्या गिझरपेक्षाही महागात पाडले होते. पुढे कुंडली कायमची बंद केली. सौर टाकीचे पाणी न्हाणीघराजवळच्या पंधरा लिटरांच्या लहान गिझरातून आणले. ऊन असेल तेव्हा गिझर बंद. ढग असतील तेव्हा सूर्याने वीसवरून अठ्ठावीसवर आणलेले पाणी गिझर बेचाळीसवर नेतो. तेव्हापासून आमच्या वहीत ऑक्टोबर ते मे ऊन पाण्याखाली विजेचा रकाना बहुतेक कोरा आहे. किंमत सातव्या वर्षी वसूल झाली. शंभर लिटरांची टाकी घेतली असती, तर चार-पाच वर्षांत झाली असती.

काही बारीकसारीक गोष्टी बिनखर्चाच्या आहेत. गच्चीपासून न्हाणीपर्यंतच्या अर्ध्या इंची नळात दर मीटरला दीड-दोनशे मिलिलिटर पाणी मावते. बारा मीटर नळ असेल, तर दर वेळी दोन लिटरांच्या आसपास गार पाणी आधी ओतून द्यावे लागते आणि मागे तेवढेच ऊन पाणी नळात निवत पडते. म्हणून सर्वांची स्नाने लागोपाठ व्हावीत आणि उघड्या नळाला अस्तर गुंडाळावे. आणि सर्वांत स्वस्त ऊर्जाबचत यंत्र म्हणजे आपली जुनी बादली. फवाऱ्याखाली दहा मिनिटे उभे राहिले की ऐंशी-शंभर लिटर सहज जातात. म्हणजे चार-पाच बादल्या, दोन-अडीच युनिटे. नातवंडांना बादली आवडत नाही, हे मला ठाऊक आहे. मी रागावत नाही; महिनाअखेरीस वही त्यांच्यापुढे ठेवतो.

कोणी म्हणेल, आता हा हिशेब कशाला? २०२३ साली आपल्या राज्यात गृहज्योती योजना सुरू झाली आणि अनेक घरांची वीज २०० युनिटांच्या आत निःशुल्क झाली. पण याच योजनेने मोजण्याची गरज वाढवली आहे. दोनशेची रेषा ओलांडली की त्या महिन्याचे सारे बिल भरावे लागते. आणि मध्यम घराला त्या रेषेपलीकडे ढकलणारे साधन बहुधा दिवसभर चालू राहिलेला गिझरच असतो. शिवाय ज्याचे मोल आपल्या खिशातून जात नाही, त्याचे मोल कोणाच्या तरी खिशातून जातेच. कोळसा कोठेतरी जळतो, पाणी कोणत्यातरी धरणातून सुटते.

श्रोतेहो, ऊन पाणी ही चैन नव्हे. बाळंतीण, तान्हे मूल, संधिवाताने आखडलेले म्हातारपण यांना ते औषधाइतके लागते. मी कमी वापरा असे म्हणायला आलेलो नाही. वाया घालवू नका, एवढेच म्हणतो. कारण वाया गेलेले पाणी नेहमी घरातल्या शेवटच्या माणसाच्या वाट्याचे असते. पंधरा लिटरांच्या गिझरला पुन्हा तापायला वीस मिनिटे लागतात. ती वीस मिनिटे थांबायला कोणाला वेळ नसतो, आणि शेवटी जाणारी बाई ‘मला चालतं’ म्हणते. माझ्या आईने ते आयुष्यभर म्हटले. बंबाचा हिशेब मी तिच्यासमोर मांडला. पण तिच्या बादलीला मात्र तापमापक कधी लावला नाही. आता आमच्या घरी नियम केला आहे की पहिली बादली माझ्या पत्नीची. न्हाणीघराचा झरोका बाराही महिने उघडा असतो आणि दाराला आतून कडी नाही.

शेवटी एक लहानशी विनंती. या व्याख्यानाचे मानधन मी मुख्याध्यापकांकडे परत करीत आहे. त्यातून नववीच्या वर्गासाठी काही तापमापक घ्यावेत, पाऱ्याचे नकोत, आणि भिंतीच्या प्लगमध्ये लावून वीज मोजण्याची एक-दोन लहान यंत्रे घ्यावीत. दर वर्षी मुलांनी ती घरी न्यावीत, आपल्या घरच्या बादलीचा हिशेब मांडून आणावा. आणि न्हाणीघराचा झरोका उघडा आहे की नाही, तेही वहीत लिहावे. एखादा तापमापक फुटला, तर दंड करू नये.